गिरदावरसाहेबांचा ओला बाक

"बसू नका, ओला आहे."

आमच्या शेजारच्या गिरदावरसाहेबांच्या तोंडून मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य हेच. जगात लोक पाहुण्याला 'या, बसा' म्हणतात. हे गृहस्थ 'या' म्हणायचे आणि त्याच दमात 'बसू नका' म्हणायचे. एकदा म्हणायला विसरले, तर माझी हिरवी नारायणपेठी साडी कामातून गेली. मागून तीन आडव्या काळपट पट्ट्या. शाळेत पोरी एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या, आणि त्यातली एक धीट पोरगी म्हणाली, "बाई, नवीन डिझाइन हाय का?" त्या साडीचं पुढे मी पायपुसणं केलं, आणि तेही मुद्दाम त्यांना दिसेल असं आमच्या पायरीवर टाकलं.

मी तेव्हा आदिलाबादच्या मराठी शाळेत शिकवत होते आणि जवळच्याच मावल्याच्या एका नव्या वस्तीत भाड्यानं राहत होते. शेजारी दिगंबरराव. महसूल खात्यात गिरदावर; म्हणजे शेताशेतातून फिरायचं, पिकांचा मुआयना करायचा, बांधावरून डोकी फुटली की पंचनामा करायचा आणि पटवाऱ्यांना धाकात ठेवायचं. हैदराबादहून कागद तेलुगूत यायचा, कचेरीत त्यावर निजामाच्या काळातल्या उर्दूत चर्चा व्हायची, आणि घरी येऊन दिगंबरराव त्याला मराठीत शिव्या घालायचे. उंच, काटकुळे, इस्त्रीचा पांढरा बुशकोट, आणि चालणं असं की समोरची जमीन आपण मोजत चाललो आहोत. घरात बायको शांताबाई. मुली लग्न होऊन नांदेडकडे गेलेल्या. आणि अंगणात, कडुनिंबापासून हातभर अंतरावर, तो बाक.

बाकाची जन्मकथा सांगणं भाग आहे, कारण पुढचं सगळं रामायण तिथूनच निघालं.

दिगंबररावांचे थोरले भाऊ किसनराव बेल्याकडच्या एका खेड्यात राहायचे. शेती त्यांच्याकडे. कापूस, ज्वारी आणि थोडा जवस. वडील लवकर गेले, तेव्हा या थोरल्यानं शाळा सोडून औत धरलं आणि धाकट्याला शिकवलं. धाकटा शिकून गिरदावर झाला आणि इतरांच्या शेतांचे पंचनामे करायला लागला. असो. एका पावसाळ्यात वादळानं धुऱ्यावरचं, म्हणजे शेताच्या हद्दीवरचं, वडिलांच्या हातचं सागाचं झाड पाडलं. किसनरावांनी परवानगी काढून ते चिरून घेतलं आणि चांगल्या फळ्या बैलगाडीत घालून भावाच्या दारात आणून टाकल्या. दिगंबररावांनी आधी परवानगीचा कागद उलटसुलट करून पाहिला, मग भावाला पाणी विचारलं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

"बाक करजो एखादा," किसनराव म्हणाले. "मी कापूस घेऊन बाजाराले आलो का बसत जाईन. आत खुर्चीवर मले अवघडल्यावानी होते."

इतकं साधं काम होतं. सुतारानं बाक केला आणि फार सुंदर केला. रुंद बैठक, पाठीला जरासा कल, हात टेकायला गोल दांडे. सुतार म्हणाला, आता पॉलिशवाल्याला पाठवतो. इथं दिगंबररावांमधला गिरदावर जागा झाला. म्हणाले, "बाहेरचं लाकूड आहे. ऊन, पाऊस, थंडी. आधी तपास झाला पाहिजे." आणि त्यांनी पॉलिशवाल्याला परत पाठवलं.

तपास झाला असा : किसनरावांनीच घाण्यावरून काढून आणलेलं जवसाचं कच्चं तेल घरात होतं. जवसाचं तेल लाकडाला चांगलं, एवढं दिगंबररावांना कुणीतरी सांगितलेलं होतं. ते कसं लावायचं हे त्यानं सांगितलं असेलही, पण यांनी ऐकलं नसणार, कारण ऐकून घेणं हे यांच्या खात्यात बसत नव्हतं. थोड्यानं चांगलं होतं तर पुष्कळानं फार चांगलं होईल, या हिशेबानं त्यांनी बाकाला तेल चोपडलं. अंगणात उभे राहून, बुशकोटाच्या बाह्या दुमडून, म्हशीला न्हाऊ घालावं तसं. वर पुसायला काय, तर कापूस! आमच्याकडे घराघरात कापूस. उशीत, दिव्यात, माळ्यावर, पोत्यात. जखमेवर लावायला कापूस, कानात घालायला कापूस, मग बाक पुसायला चिंधी कोण शोधत बसणार? कापसानं पुसलं आणि कापूस बाकालाच चिकटला. दुसऱ्या दिवशी पाहते तो बाकाला दाढी-मिशा फुटलेल्या. दिगंबरराव चिमट्यानं एकेक तंतू उपटत बसलेले.

"कच्चं तेल असंच असतंय," ते मला म्हणाले. "मुद्दत लागते."

तेल आठवडाभर वाळलं नाही, महिनाभर वाळलं नाही. वरून सुकल्यासारखं दिसायचं आणि हात लावला की गुळाच्या ढेपेसारखं चिकट. आणि नेमके त्या दिवसांत किसनराव आले.

कापसाचा हंगाम सुरू झाला होता. गाडी बाजारात उभी करून म्हातारा भावाकडे आला. नवं पांढरं धोतर, डोक्याला रुमाल. दिगंबरराव आत होते. किसनरावांनी बाक पाहिला, त्याच्यावरून एकदा नजर फिरवली, आणि बसले. वडिलांच्या झाडावर बसल्यासारखे बसले, आरामात, दोन्ही हात दांड्यांवर टाकून. मी आमच्या कुंपणापाशी वाळवण उचलत होते. मला म्हणाले, "कसा झाला बाक, बाई?" मी म्हटलं, "छान झाला." हे खरंच होतं. ओला आहे हे माझ्या डोक्यात येईस्तोवर दिगंबरराव दारात आले, आणि त्यांना पाहून किसनराव उठायला गेले.

चर्र, असा आवाज झाला. धोतराचा मागचा पदर बाकावर राहिला आणि किसनराव पुढे आले. रस्त्यावर दोन-चार माणसं होती, ती हसली. शेजारचे पेन्शनर हसले. मला हसू आलं नाही असं मी म्हणणार नाही. पण हसणाऱ्यांचं काही नव्हतं हो. माणूस असल्या गोष्टीला हसतोच. किसनरावांनी हसणाऱ्यांकडे पाहिलंच नाही. त्यांनी भावाकडे पाहिलं. आणि भाऊ काय करत होता? भाऊ धावत आला, थेट बाकापाशी गेला, खाली वाकला आणि ओरडला, "अरे अरे अरे! बाकाचा सत्यानाश झाला!"

म्हातारा फाटकं धोतर एका हातानं मागे धरून उभा होता. शांताबाई आतून आहेरात आलेलं एक धोतर घेऊन आल्या, ते त्यानं गुंडाळलं. चहा घेतला नाही. फाटकापाशी जाऊन वळला आणि म्हणाला, "दिगू, तुया बाक वाळला का निरोप धाडजो. मंग येतो."

आणि गेला. कापूस विकून परस्पर बेल्याला. पुढच्या हंगामात आला तो बाजारातूनच परत गेला. त्याच्या पुढच्या हंगामातही तेच. नातवाच्या जावळाला या लोकांना आमंत्रण आलं, ते पोस्टानं.

आता सरळ माणूस काय करेल? दुसऱ्या दिवशी बेल्याची बस धरेल, भावाच्या पाया पडेल, 'दादा, चुकलं' म्हणेल, आणि त्याच्या घरची भाकरी खाऊन परत येईल. पण दिगंबररावांना निरोपाचे शब्द लागले. बाक वाळला की निरोप धाडायचा, असा हुकूम झालेला. हुकमाची तामील शब्दशः व्हायला हवी. म्हणजे आधी बाक वाळला पाहिजे. बाक वाळायचा तर योग्य ते तेल, योग्य तो रंग, योग्य तो थर ठरला पाहिजे. आणि ते ठरेपर्यंत मिसल, म्हणजे फाईल, बंद होत नाही, चालू राहते. सरकारात राहून माणसाचं असं होतं.

त्यांनी बाक खरवडून काढला आणि प्रयोगाला बसले.

आधी व्हार्निश झालं. दुकानदारानं हिंदीत सांगितलं, "साब, शीशे जैसा चमकेगा." चमकला, खरोखर आरशासारखा चमकला. दिगंबरराव सकाळी त्यात तोंड पाहून भांग पाडतील असं मला वाटलं. आमचा उन्हाळा मात्र असल्या चमकेला भीक घालत नाही. वैशाखात त्या व्हार्निशला बारीक तडे गेले, आषाढात तड्यांतून पाणी आत शिरलं, आणि श्रावणात बाकाची साल निघायला लागली. दिगंबरराव कचेरीतून आले की बाकापाशी उकिडवे बसून खपली काढावी तशी ती साल नखानं काढत. शांताबाई आतून ओरडायच्या, "अवो, जेवाले या! ते बाक काई पळून नाई जात!"

मग कुणीतरी गॅरेजचं जळकं ऑइल सुचवलं. लाकूड टिकतं म्हणे. टिकत असेल. माझी नारायणपेठी टिकली नाही, हे वर सांगितलंच आहे.

त्यानंतर बिब्बा. इकडे रानात बिब्बा पुष्कळ. जुनी माणसं खांबांना बिब्ब्याचं तेल लावायची, वाळवी लागत नाही. हे खरं आहे. पण जुनी माणसं ते लावताना हातांना खोबरेल चोपडायची, तोंडाला फडकं बांधायची आणि मुख्य म्हणजे मुकाट्यानं काम करायची. दिगंबरराव काम करता करता शेजाऱ्यांना बोटं नाचवून व्याख्यान देत होते आणि मधूनच नाक खाजवत होते. तिसऱ्या दिवशी बिब्बा उतला. नाक सुजून लाल झालं, डोळे मिटले, हातांवर फोड आले. त्या अवस्थेत ते कचेरीत गेले, कारण रजेची अर्जी मंजूर झालेली नव्हती. कचेरीत कुणीही विचारलं की म्हणायचे, "तपास चालू आहे."

एवढं सगळं झाल्यावर साहेबांना वरवर लावायच्या गोष्टींचा वीट आला आणि त्यांनी पद्धतशीर काम हाती घेतलं. सागाचे उरलेले तुकडे घेऊन ते घराच्या भिंतींवर खिळ्यांनी ठोकले. काही दक्षिणेला, काही पश्चिमेला, काही पागोळ्यांखाली. प्रत्येक तुकड्यावर वेगळं तेल, वेगळा रंग, कशात गेरू, कशात काजळी, कशात काहीच नाही. घर दुरून देवीची पुरळ उठल्यासारखं दिसायचं. रविवारी सकाळी मुआयना. एका हातात तांब्या घेऊन ते प्रत्येक तुकड्यावर पाणी शिंपडायचे आणि कमरेवर हात ठेवून बघत उभे राहायचे. पाण्याचे थेंब मोत्यासारखे वर उभे राहिले तर तेल अजून जिवंत; पाणी आत मुरून डाग पडला तर मेलं.

ही सवय त्यांना इतकी जडली की दुसऱ्यांच्या घरीही सुटेना. यायचे, पाणी मागायचे. आपण पितळी गडू भरून आणून द्यावा, तर ते पाणी आपल्या दारावर ओतायचे आणि म्हणायचे, "बाई, तुमचं दार प्यायला लागलंय." माझ्या घरमालकाला त्यांनी एकदा भर पाहुण्यांत सांगितलं, "तुमचं फाटक प्यायला लागलंय." पाहुणे सोयरिकीला आलेले. त्यांनी फाटक म्हणजे नेमकं कोण, अशी चौकशी केली म्हणतात.

आणि इथं मला एक गोष्ट नाकबूल करता येत नाही, कितीही मनात असलं तरी. या माणसाला ते जमलं. दोन-तीन उन्हाळे-पावसाळे गेल्यावर दक्षिणेच्या भिंतीवरचा एक तुकडा तसाच्या तसा राहिला. बाकीचे काळवंडले, पांढरे पडले, सोलले. हा एक तुकडा तांबूस, लाकडाच्या रेघा स्वच्छ दिसताहेत, पाण्याचे थेंब वर उभे. दिगंबररावांना मग सांगायला विषय मिळाला. गल्लीत ज्याच्या त्याच्या फाटकाशी उभे राहून सांगायचे : लाकडाला पावसापेक्षा ऊन जास्त खातं. उन्हाला अडवायचं तर तेलात रंग हवा. बिनरंगी, पारदर्शक काही लावाल तर ऊन सरळ आत जातं आणि खालून लाकूड सोडवून टाकतं. वर साल धरेल असलं काही नको, लाकडाच्या आत मुरेल असं हवं. जवसाचंच तेल, पण उकळलेलं, डब्यातलं. त्यात थोडं टर्पेंटाइन, चिमूटभर गेरू. पातळ हात द्यायचा, थोडा वेळ थांबायचं, आणि वर राहिलेलं सगळं, सगळं म्हणजे सगळं, कोरड्या फडक्यानं पुसून घ्यायचं. उन्हात लावायचं नाही, दमट हवेत लावायचं नाही. पायांच्या बुडाला जास्त द्यायचं, कारण लाकूड बुडातून पितं. आणि वर्षातून एकदा पुन्हा.

सगळ्या गल्लीनं ऐकलं. पेन्शनरांचं फाटक, माझ्या घरमालकाचं दार, मारुतीच्या देवळाचे खांब, पलीकडच्या तेलुगू मास्तरांची शिडी, सगळं तांबूस, तकतकीत. मावल्यात त्या एका गल्लीतली लाकडं अशी राखली गेली की दुसऱ्या गल्लीतले लोक बघायला यायचे. फक्त ज्याच्यासाठी हे शोधलं, तो बाक दिगंबररावांच्या अंगणात खरवडलेला, उघडा, पांढरट पडत चालला होता. विचारलं की म्हणायचे, "अजून एक शंका आहे. उत्तरेकडच्या तुकड्याचा अहवाल येऊ द्या."

हे असं का, ते एका उन्हाळ्याच्या दुपारी कळलं.

दिगंबरराव नव्या तुकड्यांना तेल लावत होते, आणि सवय जाते कुठे, पुसायला कापूसच घेतला होता. तेलानं भिजलेले कापसाचे बोळे त्यांनी ओसरीवरच्या टोपलीत दाबून कोंबले आणि जेवायला गेले. त्या तेलाचा असा स्वभाव आहे की वाळताना तापतं. दाबून ठेवलं तर आतल्या आत तापत जातं. कुणी काडी लावली नाही, कुणी विडी टाकली नाही. टोपलीतून आधी धूर निघाला, मग ती भकन पेटली. वर दोरीवर माझी चादर होती, आमच्याकडे ऊन नीट पडत नाही म्हणून शांताबाईंनी वाळत घालू दिलेली. मी आणि शांताबाईंनी बादल्या ओतल्या. दिगंबरराव हातात आंब्याच्या रसाची वाटी तशीच घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, "कुणी हात लावू नका, पंचनामा झाला पाहिजे."

शांताबाई सहसा बोलायच्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी रिकामी बादली आपटली.

"कायचा पंचनामा करता?" त्या म्हणाल्या. "घर जाळून तपास करून राह्यले का? रंग कवाच ठरला, अवो! त्या भिंतीवर ठरला, गल्लीतल्या साऱ्या फाटकांवर ठरला. तुमाले रंग नाई सापडत असं नाई. तुमाले बेल्याले जायची हिंमत नाई सापडत. बाक झाला का भासऱ्यांना निरोप धाडा लागते. त्यांच्या डोळ्याले डोळा द्या लागते. म्हणून करून राह्यले हे सारं!"

दिगंबरराव वाटी घेऊन तसेच उभे. मी माझी जळकी चादर उचलली आणि घरी आले. नवराबायकोत उभं राहू नये एवढं मलाही कळतं, जरी दारामागून ऐकता येतं हेही कळतं.

तरीही पुढे काही हललं नसतं. पण त्या हिवाळ्यात किसनरावांचा मुलगा विठ्ठल आला. म्हणाला, दादाले दोन्ही डोळ्यांनं दिसत नाई, मोतीबिंदू पिकला, इथंच आदिलाबादले काढा लागते. आठ-दहा दिवस ठेवा लागन. दिगंबरराव म्हणाले, "मग आणा इकडं." विठ्ठल पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत म्हणाला, "दादा म्हणते, बाजारातल्या अडत्याच्या खोलीत राहीन. दिगूचा निरोप नाई आला म्हणते."

आता बघा. सख्खा भाऊ गावात असताना थोरला माणूस मोतीबिंदू काढायला अडत्याच्या खोलीत उतरला, की आमच्याकडे ते नातं संपलं. मग लग्नाला नाही, मयताला नाही. शांताबाईंनी पदर तोंडाला लावला. दिगंबररावांनी दक्षिणेच्या भिंतीवरच्या त्या तांबूस तुकड्याकडे पाहिलं. मग खाकरून म्हणाले, "सांग दादाले, बाक वाळला म्हणून."

विठ्ठल गेला आणि हे कामाला लागले. बाक घासला, तेल लावलं, पुसलं. त्या वेळी चिंधीनं पुसलं, मी स्वतः पाहिलं. वाळू दिलं, पुन्हा एक पातळ हात, पुन्हा पुसलं. बाक काय दिसत होता म्हणून सांगू! वडिलांचं झाड त्या रेघारेघांतून बाहेर आल्यासारखं. मी बोट फिरवून पाहिलं. कोरडा, गुळगुळीत. मनात म्हटलं, सुटलो बाई सगळे एकदाचे.

किसनराव दुसऱ्या दिवशी सकाळी यायचे होते. आदल्या दिवशी संध्याकाळी दिगंबररावांना उजव्या दांड्याच्या खाली एक फिकट जागा दिसली. कावळ्याच्या विष्ठेएवढी. नाही, कावळ्याचीच होती. ती पुसली, तर रंग थोडा निघाला. आता तेवढी जागा कुणाला दिसणार होती? येणाऱ्या माणसाला तर घरच दिसत नव्हतं! पण सगळा बाक एकसारखा हवा. लावला आणखी एक हात, आख्ख्या बाकाला. अंधार पडत होता म्हणून पुसायचं राहिलं. सकाळी उठून पाहतात तर आदिलाबादचा खासा गारठा, समोरचं घर दिसत नाही असं धुकं, आणि बाक ओला.

मी शाळेला निघाले होते. मला पाहून म्हणाले, "बाई, दादाला बाकाकडे न नेता सरळ आत नेतो. त्यांना काय दिसणार आहे?" म्हटलं, वा! इतक्या वर्षांच्या तपासाचा निकाल हा!

तेवढ्यात रिक्षा आली. विठ्ठलनं म्हाताऱ्याला हात धरून उतरवलं. किती खंगले होते! काठी, घोंगडी आणि खाली तसंच पांढरं धोतर. मी फाटकाशी थांबले. शाळा काही पळून जात नव्हती. शांताबाई भाकरतुकडा घेऊन दारात उभ्या. दिगंबरराव पुढे झाले, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की जन्मात पँट न सोडणाऱ्या या माणसानं त्या दिवशी कोरं धोतर नेसलं होतं. ते भावाच्या पाया पडले आणि म्हणाले, "चला दादा, आत चला, थंडी हाय."

म्हातारा हलला नाही. काठी अंगणात इकडून तिकडे फिरवली, ती बाकाच्या पायाला लागली.

"वाळला का?" त्यानं विचारलं.

हो म्हणायला काय लागत होतं? आंधळा माणूस. एक शब्द, आणि सगळे आत. मी दिगंबररावांच्या तोंडाकडे पाहत होते. ओठ दोनदा हलले.

"नाई, दादा," ते म्हणाले. "ओला हाय."

"निरोप तर वाळल्याचा व्हता."

"वाळला व्हता. काल मी पुन्हा लावलं."

म्हातारा मान फिरवून म्हणाला, "विठ्ठल, रिक्षा हाय का गेली?"

विठ्ठल 'दादा, दादा' करायला लागला. आणि दिगंबरराव वळले, बाकापाशी गेले, आणि त्या कोऱ्या पांढऱ्या धोतरानिशी बाकावर बसले. नुसते टेकले नाहीत. पाठ टेकली, दोन्ही हात दांड्यांवर टाकले. ज्या बाकावर त्यांना स्वतःला बसलेलं मी इतक्या वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं, त्यावर.

"दादा," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज गिरदावरचा नव्हता. "मी बसलो. ओल्यातच बसलो. त्या दिवशी मी बाकाकडं धावलो. मी तुमच्याकडं धावाले पायजे व्हतं. चुकलं, दादा."

म्हाताऱ्यानं काठी टेकत टेकत बाक गाठला. दांड्यावरून हात फिरवला, बोटं नाकाशी नेली.

"जवस हाय का?"

"हाव."

"कुठचा?"

"दुकानातला. डब्यातला."

"तरीच वाळत नाई," किसनराव म्हणाले. "सरक तिकडं."

आणि बसले.

विठ्ठल ओरडला, "दादा, धोतर!" त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. शांताबाई रडत होत्या, आणि रडता रडता त्यांनी भाकरतुकडा तिथंच दोघांवरून ओवाळून टाकला. मग चहा बाहेरच आला, कारण आत जायचं तर उठावं लागलं असतं, आणि उठायचं तर धोतरांचं काय होणार हे दोघांनाही चांगलं ठाऊक होतं. मलाही चहा मिळाला.

इतक्या वर्षांच्या शेजारधर्माला जागून मी म्हटलं, "गिरदावरसाहेब, बाकाचा सत्यानाश झाला की हो."

त्यांनी बाकाकडे पाहिलंही नाही. भावाच्या बशीत चहा ओतत होते, सांडू नये म्हणून बशी खालून धरून. म्हणाले, "होऊ द्या." मग मान वर करून, मावल्यात राहायला आल्यापासून मी जे कधी ऐकलं नव्हतं ते म्हणाले, "या बाई, बसा."

मला माझी नारायणपेठी आठवली. मी उभ्यानंच चहा घेतला.

त्याच महिन्यात माझी उटनूरला बदली झाली, आणि घाईघाईत मी मावला सोडलं. म्हणून दिगंबरराव माझ्या डोळ्यांसमोर येतात ते त्या सकाळचेच. शाळेला उशीर झाला होता, तरी कोपऱ्यावर जाऊन मी एकदा मागे वळून पाहिलं. धुकं जरा विरळ झालं होतं. दोघं म्हातारे बाकावर खांद्याला खांदा लावून बसले होते, रिकाम्या कपबशा हातात घेऊन. विठ्ठल समोर उभा राहून हात पुढे करत होता, आणि उठायला दोघांपैकी एकही तयार नव्हता.